ऑटोमॅटिक मशीन आणि शेजारी उभा माणूस

एटीव्हीएम म्हणजे ऑटोमॅटिक तिकीट व्हेंडिंग मशीन. या नावातला पहिलाच शब्द खोटा आहे, आणि या मशीनबद्दल जे काही म्हणायचं ते तिथूनच सुरू करावं लागतं. मी हिंगणघाटचा. इंजिनिअरिंगची चार वर्षं हिंगणघाट ते सेवाग्राम अपडाऊन केलं, नंतर नोकरीमुळे नागपूर-पुणे मार्गावरच्या बऱ्याच स्टेशनांवर चढलो-उतरलो. या सगळ्यात हे मशीन मला मुख्यतः दोनच अवस्थांत दिसलं. एक तर पडदा काळा आणि वरून कुणी तरी टाकलेलं कापड. नाही तर मशीन सुरू, आणि त्याच्यासमोर स्टूल टाकून बसलेला एक माणूस भराभर बोटं चालवतोय, लोक त्याच्या हातात पैसे देताहेत. एखादा प्रवासी एकटा आला, पडद्यावर चार ठिकाणी बोट लावलं, तिकीट घेतलं आणि गेला, हे दृश्य मुंबईबाहेर फार क्वचित.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आठवड्यातला बराच वेळ दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासण्यात जातो. त्यातून एक सवय लागते. काय लिहिलंय हे नंतर बघायचं, लिहिणाऱ्याने समोर कोण धरलाय ते आधी शोधायचं. पुस्तकाची समीक्षा करणारेही बहुधा हेच करत असावेत. मशीनसुद्धा कुणाला तरी उद्देशून लिहिलेलं असतं. एटीव्हीएमची सध्या शेवटची आवृत्ती चालू आहे असं म्हणायला हरकत नाही, कारण बिनरिझर्व्हेशनची तिकिटं आता फोनवर निघताहेत आणि स्टेशनावरचा तो खोका दिवसेंदिवस कोपऱ्यात सरकतोय. तो पूर्ण जाण्याआधी एकदा नीट वाचावा, एवढाच या लेखाचा हेतू. तो गेल्याचं मला दुःख नाही. त्याच्यासोबत आणखी काय जातंय, त्याची मात्र काळजी वाटते.

आधी मशीनच्या पूर्वजाबद्दल. १८३०च्या दशकात इंग्लंडमध्ये थॉमस एडमंडसन नावाचा माणूस न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवर एका छोट्या स्टेशनचा मास्तर झाला. मूळ धंदा फर्निचरचा, त्यात दिवाळं निघालेलं. तोवर प्रवाशाला हाताने लिहिलेला कागद मिळायचा. लिहायला वेळ जायचा, आणि किती कागद दिले, किती पैसे आले याचा मेळ बसवणं मास्तरच्या प्रामाणिकपणावर सोडलेलं असायचं. एडमंडसनने जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटं आधीच छापून घेतली, प्रत्येकावर अनुक्रमांक टाकला आणि तारीख उमटवायला एक दाबयंत्र बनवलं. आपल्या आजी-आजोबांनी, आईवडिलांनी जन्मभर जे पुठ्ठ्याचं तिकीट वापरलं ते हेच. जगात क्वचितच एखादी रचना इतकी वर्षं टिकली असेल.

टिकली याचं कारण मला डेटाबेस शिकताना कळलं. खिडकीमागे लाकडी कपाट असायचं. त्यात उभे कप्पे, प्रत्येक कप्पा एका ठिकाणाचा आणि एका वर्गाचा. तिकिटं क्रमाने रचलेली, काढायची ती क्रमानेच. बाबू तिकीट काढणार, यंत्रात सरकवणार, खट्ट करून तारीख उमटणार, तिकीट प्रवाशाच्या हातात. काहीही लिहायचं नाही. पाळी संपली की प्रत्येक कप्प्यात आता कुठला नंबर समोर आहे तेवढं वहीत टिपायचं. सकाळचा नंबर वजा केला की विक्री मिळाली, भाड्याने गुणलं की गल्ल्यात किती असायला हवेत ते मिळालं. आम्ही ज्याला ऑटो-इन्क्रिमेंट म्हणतो आणि नवीन पोरांना तासभर समजावतो, ते त्या कपाटात पुठ्ठ्याच्या रूपाने उभं होतं. माल हाच हिशोब. ही मला माहीत असलेली सर्वांत सुंदर अकाउंटिंग सिस्टिम आहे आणि तिला वीज लागत नव्हती.

तिच्यात खोटही होती. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी छापील तिकिटं ठेवावी लागत. पुलगावहून नागपूरचा कप्पा भरलेला, पण पुलगावहून एखाद्या लांबच्या आडस्टेशनचं तिकीट मागितलं की बाबूला कोरा कागद काढून हाताने लिहावं लागायचं, आणि मागची रांग कपाळाला हात लावायची. म्हणजे नेहमीच्या प्रवाशाला वेग आणि आडवाटेच्या प्रवाशाला ताटकळणं. हा भेद लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येतो.

वर्ध्यासाठी ही सगळी परंपरा परकी नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन १८६७ साली नागपूरला पोचली. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला १८६२ला, आणि मुख्यालय पालकवाडीच्या जागी वसवलेल्या नव्या गावात आलं १८६६ला. म्हणजे वर्धा शहर आणि वर्ध्याची रेल्वे जवळपास एकाच वयाच्या. कापसाच्या गाठी, नंतर चंद्रपूरकडचा कोळसा, पुलगावचा दारूगोळा डेपो, पुलगाव-आर्वीची ती इवलीशी नॅरोगेज: इथल्या प्रत्येक गोष्टीला कुठून तरी रूळ येऊन चिकटलेले आहेत. आर्वीची गाडी बंद होऊन जमाना झाला. देवळीमार्गे कळंबपर्यंतची नवी लाइन मात्र २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाली. जिल्ह्यात रेल्वे संपत नाहीये, वाढतेय. म्हणून तिकीट कसं काढायचं हा प्रश्न इथे आठवणींच्या कप्प्यातला नाही.

पुठ्ठ्याचं कपाट मोडलं ते अनारक्षित तिकीट प्रणालीने, म्हणजे यूटीएसने. २००२ साली दिल्ली भागात ती आली आणि हळूहळू देशभर पसरली. आता कुठल्याही खिडकीवरून कुठलंही तिकीट छापून मिळू लागलं. आडवाटेच्या प्रवाशाला पहिल्यांदाच नेहमीच्या प्रवाशाइतकाच वेळ लागू लागला. खरी क्रांती ही होती. तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण ती खिडकीच्या आत झाली आणि बाहेरून आपल्याला फक्त पुठ्ठ्याऐवजी पातळ कागद दिसला.

खिडकीच्या बाहेर यायचा प्रयत्न मुंबईत झाला. आधी कूपन होती. कूपनांची छोटी पुस्तिका विकत घ्यायची, स्टेशनावरच्या सीव्हीएम नावाच्या मशीनमध्ये हव्या त्या रकमेची कूपनं घालायची, वेळ आणि स्टेशन उमटलं की तिकीट झालं. हे मशीन निर्बुद्ध होतं आणि म्हणूनच चांगलं होतं. ते काहीच विचारायचं नाही, फक्त शिक्का मारायचं. एडमंडसनच्या दाबयंत्राचा शेवटचा वंशज म्हणा. २०१५च्या सुमारास ते बंद झालं. त्याआधीच, २००७ मध्ये, मुंबईच्या उपनगरी स्टेशनांवर एटीव्हीएम आलं होतं: टचस्क्रीन, स्मार्टकार्ड, मराठी-हिंदी-इंग्रजी.

मुंबईतल्या त्या मशीनसमोर कोण धरला होता ते पडदा बघताच कळतं. लाइनींचा नकाशा समोर. स्टेशनवर बोट ठेवा, एकेरी की परतीचं ते सांगा, कार्ड खाचेत ठेवा, तिकीट निघेपर्यंत उचलू नका. हा माणूस रोज किंवा आठवड्यातून दोनदा प्रवास करतो. त्याला शंभर-दोनशे रुपये कार्डात अडकवून ठेवणं परवडतं. दादर नकाशात कुठे आहे हे त्याला डोळे मिटून माहीत असतं. आणि मुख्य म्हणजे त्याच्या दृष्टीने गाडी ही एकच वस्तू आहे. फास्ट असो की स्लो, तिकीट तेच. अशा माणसासाठी हे मशीन बरं होतं. उत्तम नाही, बरं.

मग ते मशीन इतरत्र गेलं. आमच्याकडच्यासारख्या स्टेशनांवर आलं तेव्हा खोका तोच होता, कार्ड तेच होतं, फक्त स्टेशनांची यादी लांबली. समोरचा माणूस मात्र पूर्ण बदलला होता, आणि हे कुणी मशीनला सांगितलं नाही.

आमच्याकडे रोज जाणारा माणूस मशीनकडे जातच नाही. त्याच्याकडे महिन्याचा पास असतो. माझ्याकडे चार वर्षं होता. तिकीट काढतो तो अधूनमधून जाणारा. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, तिथलं मेडिकल कॉलेज १९६९पासूनचं. चंद्रपूरहून, यवतमाळहून, तेलंगणाच्या हद्दीतून तिथे पेशंट येतात. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे, सोबत एक नातेवाईक. तो नातेवाईक वर्षातून एकदा येईल किंवा पुन्हा येणारच नाही. त्याने स्मार्टकार्ड का घ्यावं? कापूस वेचणीच्या हंगामात येणारे मजूर, सासरी-माहेरी जाणाऱ्या बाया, परीक्षेला निघालेली पोरं, शेगावच्या वारीला निघालेली म्हातारी माणसं. ही सगळी एडमंडसनच्या कपाटातली आडवाटेची गिऱ्हाइकं. यूटीएसने त्यांना वर आणलं होतं, मशीनने पुन्हा खाली ढकललं.

आणि मशीन त्यांना काय विचारतं? गाडीचा प्रकार कोणता. साधी, मेल-एक्स्प्रेस, की सुपरफास्ट.

इथे जरा थांबतो, कारण सगळी मेख या एका प्रश्नात आहे. रेल्वेच्या हिशोबात हे तीन वेगवेगळे दर आहेत. साध्या गाडीचं किमान भाडं १० रुपये. कोविडनंतर त्याच पॅसेंजर गाड्या ‘स्पेशल’ आणि ‘एक्स्प्रेस’ नावाने धावू लागल्या तेव्हा तेच किमान भाडं ३० रुपये झालं, आणि २०२४च्या फेब्रुवारीत परत १० वर आलं. डबे तेच, थांबे तेच, नाव वेगळं. सुपरफास्टला जनरल डब्यात वर १५ रुपये अधिभार. आता वर्ध्याहून नागपूरला जाणाऱ्या माणसाला सांगा की महाराष्ट्र एक्स्प्रेस ही नुसती एक्स्प्रेस आहे आणि विदर्भ एक्स्प्रेस मात्र सुपरफास्ट आहे. दोन्हींच्या नावात एक्स्प्रेस आहे. फरक कळायचा असेल तर गाडीचा नंबर १२ने सुरू होतो की ११ने ते बघायला हवं. हे ज्ञान रेल्वेच्या शौकिनाकडे असतं, टीसीकडे असतं, खिडकीवरच्या बाबूकडे असतं. मशीनने ते प्रवाशाकडून मागितलं. चुकलं तर? साधं तिकीट घेऊन सुपरफास्टमध्ये बसलात तर फरक भरा आणि वर दंड, तोही किमान २५० रुपये.

बाबू हा प्रश्न कधीच असा विचारत नाही. तो विचारतो, “विदर्भानं जाता का महाराष्ट्रानं?” किंवा त्याहून सोपं, “आत्ताच्या गाडीनं?” प्रवासी मान हलवतो. बाबूच्या डोक्यात वेळापत्रक आहे, आज कुठली गाडी लेट आहे तेही आहे. गाडीच्या नावावरून प्रकार, प्रकारावरून दर, हे भाषांतर तो करतो. आमच्या धंद्यात याला साधा नियम आहे: डेटाबेसमधला रकाना तसाच पडद्यावर आणून लोकांपुढे ठेवायचा नाही. लोक ज्या शब्दांत विचार करतात त्या शब्दांत विचारा आणि रकाना तुम्ही भरा. एटीव्हीएमने रकाना ठेवला. पुढच्या तीन तासांत या स्टेशनवरून कुठल्या गाड्या सुटणार हे रेल्वेच्याच दुसऱ्या सिस्टिमला माहीत असतं. तीन तास मी मुद्दाम म्हणतोय. २०१६पासून १९९ किलोमीटरपर्यंतच्या साध्या तिकिटावर तीन तासांच्या आत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. म्हणजे नियमालाच ‘पुढची गाडी’ ही कल्पना माहीत आहे. मशीनला नाही.

नावांचं दुसरं प्रकरण आहे. वर्ध्यावर लिहिताना गांधी आणावे लागतातच, पण इथे ते खरोखर कामाचे आहेत. १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. सेगाव आणि बुलडाण्याकडचं शेगाव यांच्यात टपालाचा घोळ व्हायला लागला, पत्रं तिकडे जायला लागली, म्हणून १९४० मध्ये खेड्याचं नाव सेवाग्राम केलं. आज रेल्वेच्या कोडमध्ये शेगाव आहे एसईजी आणि सेवाग्राम आहे एसईजीएम. शेवटच्या एका अक्षराचा फरक! ज्या गोंधळातून सुटायला नाव बदललं तो कोडमध्ये परत आला. भर म्हणजे सेवाग्राम स्टेशनचं पूर्वीचं नाव वर्धा ईस्ट, आणि दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या वर्धा स्टेशनला शिवतही नाहीत, सेवाग्रामवरूनच वळतात. चंद्रपूरकडून दवाखान्यात येणारा माणूस ‘वर्धा’ म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा सेवाग्राम हवं असतं. खिडकीवर बाबू एक उलट प्रश्न विचारून हे सोडवतो. मशीन उलट प्रश्न विचारत नाही.

म्हणून मशीनशेजारी माणूस आला.

त्याला अधिकृत नाव आहे, फॅसिलिटेटर. सुरुवातीला निवृत्त रेल्वे कर्मचारी नेमले, नंतर इतरांनाही घेतलं. तो स्वतःच्या पैशाने स्मार्टकार्ड रिचार्ज करतो, तुमच्याकडून रोख घेतो आणि तुमच्यासाठी मशीन चालवतो. त्याला पगार नाही. रिचार्जवर मिळणारा बोनस हीच कमाई. तीन टक्क्यांच्या हिशोबाने १० रुपयांच्या तिकिटामागे तीस पैसे.

जिल्ह्यातल्या एका स्टेशनावर, नाव सांगत नाही, मी अशा एका माणसाजवळ तासभर उभा होतो. गाडी लेट होती आणि मला दुसरं काम नव्हतं. एक बाई आल्या, दवाखान्याची फाइल काखेत.

“बल्लारशाचं दे न भाऊ.”

“कोनत्या गाडीनं जाता काकू? आता येते ते सुपरफास्ट हाये, जास्त पैसे लागन. पॅसेंजर साडेतीनले हाये.”

“पॅसेंजरचंच दे मंग. दोन दे.”

“दुसरं कोन हाये? लेकरू? किती वर्साचं?”

“चार.”

“मंग एकच घ्या. त्याचं नाही लागत.”

पूर्ण व्यवहार अर्ध्या मिनिटाचा. त्यात त्याने गाडीचा प्रकार ठरवला, दुसऱ्या गाडीचे जादा पैसे वाचवले आणि एक तिकीट विकायचं टाळलं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही हे मशीनने कदाचित छोट्या अक्षरांत कुठे लिहिलंही असेल, पण समोरच्या बाईंनी दोन म्हटलं असतं तर मशीनने निमूट दोन दिली असती. आणि लक्षात घ्या, एक तिकीट कमी विकून त्या माणसाचं स्वतःचं कमिशन गेलं. आमच्या भाषेत त्या मशीनचा खरा इंटरफेस तो होता. टचस्क्रीन त्याचं हत्यार, दुसरं काही नाही. दुकानदाराच्या तराजूला आपण ऑटोमॅटिक किराणा म्हणत नाही.

मशीन रोख घेत नव्हतं हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. नाण्या-नोटांवर चालणारी वेगळी मशीनंही काही ठिकाणी आली, पण पसरलं ते कार्डवालंच. म्हणजे रोख पैसे घेऊन आलेल्या माणसाला खिडकीखेरीज जो दुसरा रस्ता उघडा होता तो मशीनने उघडला नव्हता. मशीनशेजारच्या माणसाने उघडला होता.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. २०१४च्या डिसेंबरात मुंबईत यूटीएस ॲप आलं, २०१८च्या नोव्हेंबरात देशभर झालं. ॲपवर काढलेलं तिकीट कागदावर हवं असेल तर ते एटीव्हीएमवर छापून घ्यायचं, अशी सोय ठेवली. म्हणजे मशीनचा प्रिंटर झाला. मग २०२२च्या सुमारास मशीनच्या पडद्यावर क्यूआर कोड आला: फोनने पैसे द्या, तिकीट घ्या. आता मशीन वापरायलाच फोन लागू लागला, आणि ज्याच्याकडे फोन आहे त्याला मशीन लागेनासं झालं. हा क्यूआर ज्या दिवशी पडद्यावर आला त्या दिवशी या मशीनचं काम संपलं. ॲपवर स्टेशनपासून किती अंतरावर असावं याची जी बाहेरची मर्यादा होती ती २०२४ मध्ये काढून टाकली. घरी बसून काढा, फक्त स्टेशनात आणि रुळांजवळ काढू नका. २०२५च्या १ जुलैला रेलवन नावाचं ॲप आलं, त्यात सगळं एकत्र.

ॲप चांगलं आहे. मी तेच वापरतो. हिंगणघाटच्या घरातून निघताना चप्पल घालता घालता तिकीट काढतो आणि रांगेतल्या लोकांकडे बघत पुढे जातो. ज्यांना जुन्या खिडकीचा, पुठ्ठ्याच्या तिकिटाच्या वासाचा फार उमाळा येतो त्यांनी दिवाळीच्या आधल्या दिवशी वीस मिनिटं त्या रांगेत उभं राहून दाखवावं. (वजनाच्या मशीनची गोष्ट वेगळी. रंगीत दिवे, फिरणारी चकती, रुपयात वजन आणि मागे भविष्य. ते मशीन कधीच उपयोगी असल्याचा दावा करत नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल हळवं व्हायला माझी हरकत नाही.)

पण ॲपच्या तिकिटात आणि खिडकीच्या तिकिटात एक फरक आहे, तो सोयीच्या चर्चेत कुठेच येत नाही. जनरलचं तिकीट बिननावाचं असतं. कुठून, कुठे, किती जण, किती रुपये, तारीख, नंबर. बस. एडमंडसनच्या पुठ्ठ्यावर नाव नव्हतं, यूटीएसच्या कागदावर नाही. रिझर्व्हेशनला नाव-वय, विमानाला ओळखपत्र, हॉटेलला आधारची झेरॉक्स, सिमकार्डला अंगठा. जनरल डब्याचं तिकीट हे या देशात लांब जाण्याचं असं साधन राहिलंय जिथे तुम्ही कोण हे कुणी विचारत नाही. ॲपला मोबाइल नंबर लागतो, नाव लागतं, पैसे बँकेतून जातात. घरातून पळून आंतरजातीय लग्न करणारी पोरगी, सावकाराला चुकवून कामाच्या शोधात निघालेला माणूस, मारहाण करणाऱ्या नवऱ्याला न सांगता माहेरी निघालेली बाई: यांच्यासाठी खिडकीवर मोजलेली रोकड आणि बिननावाचा कागद ही चैन नाही. नवऱ्याच्या फोनवरच्या ॲपमध्ये तिकिटाचा इतिहास राहतो.

दुसरा फरक तिकीट दुसऱ्याला देण्याचा. कागदाचं तिकीट हातातून हातात जातं. मी खिडकीवर काढून आईच्या पर्समध्ये ठेवलं की ते आईचं. पेपरलेस तिकीट ज्या फोनवर निघालं तो फोन प्रवासात सोबत हवा. दुसऱ्या फोनवर पाठवता येत नाही, स्क्रीनशॉट चालत नाही. फसवणूक टाळायला हा नियम हवा हे मला कळतं, मीही असाच लिहिला असता. फोनची बॅटरी मेली तर प्रवासी विनातिकीट धरला जातो. यात गृहीत काय आहे? प्रत्येक प्रवाशाचा स्वतःचा स्मार्टफोन, स्वतःचा डेटा, चार्ज केलेला. ज्या घरात चार माणसांत एक फोन आहे, तिथे तो फोन बापासोबत कामावर गेला की आजीला गावाला जायला तिकीट नाही. मुंबईच्या मशीनने धरलेला माणूस आमच्याकडे सापडला नव्हता. ॲपने धरलेला माणूस सापडतो, पण प्रत्येक घरात एकच.

आजी खिडकीवर जाईल की, असं उत्तर मिळतं. जाईलच. पण खिडक्या किती उघड्या ठेवायच्या हे रांगेकडे बघूनच ठरतं. तरुण, फोनवाले लोक रांगेतून कमी झाले की रांग छोटी दिसते, मग एक खिडकी बंद होते, मग उरलेल्यांची रांग परत मोठी होते. ती उरलेली माणसं मात्र तक्रार लिहिणारी नसतात. इंग्लंडमध्ये २०२३च्या जुलैत रेल्वे कंपन्यांनी बहुतेक तिकीट खिडक्या बंद करायचा प्रस्ताव मांडला. तिथे कायद्याने लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. साडेसात लाखांच्या आसपास हरकती आल्या, त्यात अंध आणि अपंग प्रवाशांच्या संघटना पुढे होत्या, आणि ३१ ऑक्टोबरला प्रस्ताव मागे घेतला गेला. विशेष म्हणजे तिथेही वाद मशीनवरच आला: मशीनवर सगळी तिकिटं मिळत नाहीत, स्वस्तात स्वस्त कुठलं हे ते सांगत नाही. आपल्याकडे मशीन आणि त्याच्यासमोरचं स्टूल हटवायला कुणाची हरकत मागवावी लागत नाही. मशीन बिघडतं, दुरुस्तीचा करार संपतो, तीस पैशांसाठी बसणारा माणूस एक दिवस येत नाही.

आता शेरे लिहायचे झाले तर मी असे लिहीन. गाडीचा प्रकार विचारू नका, पुढच्या गाड्या दाखवा आणि दर तुम्ही लावा. हे ॲपमध्येही आज करता येईल, तिथेही तो रकाना तसाच आलाय. शेगाव आणि सेवाग्राम देवनागरीत टाइप करू द्या आणि खाली जिल्हा दाखवा. एकाच्या फोनवरून दुसऱ्याचं तिकीट काढता यावं, आणि ज्याचं आहे त्याच्या साध्या बटणाच्या फोनवर एसएमएसने नंबर जावा, टीसीने तो नंबर तपासावा. रिझर्व्हेशनच्या तिकिटाला एसएमएस चालतो, तर जनरलला चालायला तांत्रिक अडचण मोठी नाही, फक्त नंबर एकदाच वापरला जाईल हे बघावं लागेल. बिननावाचं रोखीचं तिकीट प्रत्येक स्टेशनवर, गाड्यांच्या वेळेला, मिळेलच असं लिहून द्या. आणि त्या स्टूलावरच्या माणसाला पगार द्या, मशीन असो वा नसो. त्याला हातात धरायचं छोटं यंत्र द्या आणि फलाटाच्या तोंडाशी उभं करा, कंडक्टरसारखं. एसटीत हे काम इतकी वर्षं चाललंय.

यातला शेवटचा शेरा सोडला तर बाकी सगळ्याला मिळून एका बऱ्या टीमचं चार-सहा महिन्यांचं काम आहे. शेवटच्याला कोड लागत नाही, आस्थापनेची मंजुरी लागते.